लिव्हिंग्स्टनचं लॉज खरं, बिल आणि खातं चोराचं : ८१६ डॉलर असे गेले

आधी आकडे सांगतो, कारण हे ऐकलेला प्रत्येक जण पहिला प्रश्न "किती गेले?" हाच विचारतो. झांबियातल्या लिव्हिंग्स्टन गावातलं मध्यम दराचं लॉज. दोन खोल्या, चार रात्री, नाश्ता धरून खोलीला रात्रीचे १२० डॉलर. एकूण ९६०. पूर्ण रक्कम आगाऊ भरली तर १५ टक्के सूट, म्हणजे ८१६ डॉलर. बँकेने ८७.४० चा दर लावला, त्याचे ७१,३१८ रुपये ४० पैसे झाले. पैसे पाठवण्याचा आकार १,०००, त्यावर जीएसटी १८०, चलन बदलण्यावरचा जीएसटी १२८.३७. खात्यातून गेले ७२,६२६ रुपये ७७ पैसे. लॉजला यातला एक पैसाही मिळालेला नाही, लॉजच्या नावाने चोराने पाठवलेल्या बिलावरून ते चोराच्या खात्यात गेले.

"कुठल्या तरी फालतू साइटवर बुक केलं असेल" हे आम्ही पुरेसं ऐकून घेतलं आहे. तसं काहीही नव्हतं. लॉज खरं, वेबसाइट खरी, खोल्या खऱ्या, ज्या बाईंशी मेलवर बोलणं चाललं होतं त्याही खऱ्या. झांबिया-झिंबाब्वेच्या सीमेवरच्या व्हिक्टोरिया फॉल्स धबधब्यापासून दहा किलोमीटरवरच्या या गावातली लहान लॉजं बरेचदा आगाऊ रक्कम बँकेतूनच मागतात, कारण कार्डाचं कमिशन त्यांना परवडत नाही. त्यामुळे पैसे बँकेतून पाठवायला सांगितले यात संशय घेण्यासारखं काही नव्हतं. एप्रिल-मेमध्ये धबधब्याची झांबेझी नदी भरलेली असते आणि नेमकी तेव्हाच आपल्याकडे शाळांना सुट्टी असते. दिवाळीत गेलं तर झांबियाच्या बाजूला बहुतेक ठिकाणी उघडा कातळ दिसतो. म्हणून मे महिन्याच्या खोल्या मार्चमध्येच धराव्या लागतात, आणि "शुक्रवारपर्यंत रक्कम आली नाही तर खोल्या सोडाव्या लागतील" हे वाक्य खरं वाटतं. चोराला हे हंगाम आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असतात.

तो आपल्या मेलमध्ये शिरत नाही, लॉजच्या मेलमध्ये बसतो. रिसेप्शनच्या मेलचा पासवर्ड एकदा हातात आला की आलेला प्रत्येक मेल गुपचूप आपल्याकडे वळवायचा नियम तो लावून ठेवतो, आणि काही न करता वाचत राहतो. कोणाची रक्कम यायची आहे, किती, कधी, सगळं त्याला दिसतं. लॉजचं बिल निघायच्या सुमाराला तो स्वतःचं बिल पाठवतो. लॉजच्या पत्त्याचा शेवट डॉट सीओ डॉट झेडएम असा होता, चोराच्या पत्त्यात नाव अक्षरन् अक्षर तेच आणि शेवटी नुसतं डॉट कॉम. खाली आधीचा सगळा पत्रव्यवहार जसाच्या तसा जोडलेला. मोबाइलवर मेल उघडला की पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं, पत्ता दिसायला नावावर बोट दाबावं लागतं. पैशाचा उल्लेख असलेला मेल आला की हे बोट दाबाच, आणि उत्तर देताना "प्रति"च्या रकान्यात कोणता पत्ता आपोआप येतो तेही बघा.

बिलावर लॉजचा लोगो, आमचा बुकिंग क्रमांक, खोल्यांचा प्रकार, आणि तळाशी ओळ होती : दोघांचं जेवण शाकाहारी, कांदा-लसूण नको. ही गोष्ट आम्ही फक्त लॉजला लिहिली होती. असं बिल बघून कोण संशय घेईल? आणि लॉजवाले अजूनही म्हणतात की व्हायरस तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये असेल. मग कांदा-लसणाची ओळ चोराला कोणी सांगितली?

आता ती जागा, जिथे हे पकडलं जायला हवं होतं. परदेशी पैसे पाठवताना बँकेत ए-टू फॉर्म भरतात. त्यात घेणाऱ्याचं नाव, पत्ता, खाते क्रमांक, स्विफ्ट कोड (बँकेची आंतरराष्ट्रीय ओळख) आणि कारणाचा कोड. सहलीसाठी एस शून्य तीन शून्य सहा. स्विफ्ट कोड आठ किंवा अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार बँकेची, पाचवं-सहावं देशाचं, पुढची दोन ठिकाणाची, उरलेली तीन शाखेची. आमच्या बिलावरच्या कोडमध्ये पाचवं-सहावं अक्षर होतं झेड आणि ए. झांबिया म्हणजे झेडए असणार असंच कोणालाही वाटेल. तसं नाही. झेडए म्हणजे दक्षिण आफ्रिका. झांबिया झेडएम, झिंबाब्वे झेडडब्ल्यू. फॉर्मवर पत्ता लिव्हिंग्स्टन, झांबिया, खातं दक्षिण आफ्रिकेत, आणि खातेदाराच्या नावात लॉजचं नावच नाही, कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचं नाव. एकाच कागदावर, एकाखाली एक.

त्या खिडकीवर पॅन कार्डाची प्रत दोनदा मागितली गेली. सही पासबुकाशी जुळत नाही म्हणून पुन्हा घेतली गेली. पण पत्ता एका देशाचा आणि कोड दुसऱ्या देशाचा हे, दिवसभर हेच फॉर्म हाताळणाऱ्या माणसाने बघितलं नाही. आम्ही स्वतः विचारलं, "हे झांबियाचंच आहे ना?" उत्तर आलं, "हो, झेडए आहे ना." याचा राग जात नाही. जन्मात एकदा परदेशी पैसे पाठवणाऱ्या माणसाने कोड ओळखायचा, आणि ज्याचं ते काम आहे त्याने नाही?

खातं दुसऱ्या देशात का, याचं उत्तर बिलासोबतच आलं होतं : क्वाचाचा (झांबियाच्या चलनाचा) भाव घसरतो म्हणून आमचं डॉलरचं खातं जोहान्सबर्गला आहे. हे तद्दन खोटं वाटावं असं नाही. आफ्रिकेतल्या कितीतरी सफारी कंपन्यांची खाती खरोखरच दक्षिण आफ्रिकेत किंवा मॉरिशसला असतात. म्हणून नुसता देश बघून भागत नाही, खातेदाराचं नाव लॉजच्या नोंदणीच्या नावाशी जुळलं पाहिजे. आणि हे जुळवायचं काम बँक करेल या भ्रमात राहू नका. पैसे बहुधा खाते क्रमांकावर जमा होतात, नाव वेगळं असलं तरी. झांबिया, झिंबाब्वे आणि दक्षिण आफ्रिका या तिन्ही देशांत आयबॅन (युरोपात आणि इतर काही देशांत चालणारा आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) वापरत नाहीत, तेव्हा झांबियातल्या लॉजने आयबॅन दिला तर खातं तिसरीकडेच आहे हे समजा.

कळलं कसं? चोराला हाव सुटली म्हणून. आठवडाभराने दुसरी मागणी आली : धबधब्याच्या उद्यानाचं प्रवेश शुल्क, माणशी २० डॉलर, चौघांचे ८०, आगाऊ भरा. हे शुल्क फाटकावरच्या खिडकीवर आपलं आपण भरायचं असतं, कुठलंही लॉज ते महिनाभर आधी मागत नाही. हे पैसे भरले नाहीत. बिलावरचा व्हॉट्सॲप क्रमांक पाहिला तर +२७ ने सुरू होणारा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचा. झांबियाचा +२६०, झिंबाब्वेचा +२६३. लॉजच्या वेबसाइटवरच्या +२६० च्या क्रमांकावर फोन केला आणि दोन मिनिटांत सगळं उघड झालं. पैसे भरण्याआधी असा एक फोन कराच, आणि बिलावर छापलेल्या क्रमांकावर कधीच नाही. झांबिया आपल्या साडेतीन तास मागे आहे. आपल्या सकाळी साडेअकराला तिथे आठ वाजलेले असतात, तेव्हा रिसेप्शनवर माणूस असतो. खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे त्यांच्याकडून वदवून घ्या. आपण वाचून "बरोबर ना?" विचारू नका, कामाच्या गडबडीत समोरचा "हो" म्हणून मोकळा होतो.

पुढचं सगळं संतापजनक आहे. बँकेत रक्कम परत मागवण्याचा अर्ज दिला, त्याचे ५०० आणि जीएसटी ९० घेतले. म्हणजे नुकसान ७३,२१६ रुपये ७७ पैसे. ही परत मागणी म्हणजे निव्वळ विनंती असते. पैसे एकदा खात्यात पडले की खातेदाराच्या संमतीशिवाय ते परत येत नाहीत. चोर संमती देणार? उत्तर आलं : खात्यात शिल्लक नाही. मग बँकेने सांगितलं की व्यवहार तुमच्या सहीने झाला, त्यामुळे तो अधिकृत. तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम फक्त अनधिकृत व्यवहारांसाठी होता. आम्ही सही लॉजला पैसे देण्यासाठी केली होती, चोराला देण्यासाठी नव्हे. हे वाक्य शाखेत, फोनवर, लेखी, सगळीकडे सांगून झालं. छापील उत्तरापलीकडे काही नाही.

पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य ऐकलं, "गुन्हा आफ्रिकेत झालाय, तिकडे तक्रार करा." पैसे महाराष्ट्रातल्या खात्यातून गेले, फसवणुकीचा मेल महाराष्ट्रात वाचला गेला, तरी गुन्हा आफ्रिकेत! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. कलमाची छापील प्रत सोबत न्या, तोंडी सांगून उपयोग होत नाही. सोबत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ (फसवणूक) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी (तोतयेगिरी करून फसवणूक) लिहून द्या. आमच्या अर्जावर शिक्का मिळाला, एफआयआर मिळाला नाही. "फिरायला आफ्रिकेत जाता, मग एवढ्याशा रकमेचं काय घेऊन बसलात" असंही एका साहेबांनी ऐकवलं. सत्तर हजार एवढेसे? आणि असले तरी चोरी ती चोरीच ना?

कळल्या क्षणी काय करायचं ते मात्र नीट लक्षात ठेवा. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार त्याच तासात. बँकेकडून यूईटीआर मागा. हा ३६ वर्णांचा क्रमांक असतो, त्यावरून पैसे कोणत्या बँकेत थांबलेत की जमा झालेत हे कळतं. शाखेतला माणूस "असं काही नसतं" म्हणेल. असतं. स्विफ्ट संदेशाची प्रत मागितली की त्यात तो सापडतो. घेणाऱ्या बँकेच्या फसवणूक विभागाला स्वतःही मेल करा, आपल्या बँकेच्या भरवशावर राहू नका. फसवा मेल पुसू नका आणि नुसता स्क्रीनशॉटही पुरेसा नाही. जीमेलमध्ये तीन ठिपके दाबून मूळ संदेश उतरवून घ्या, तो कुठून निघाला हे त्यात असतं.

शक्य असेल तर लॉजला कार्डच द्या. कमिशन ग्राहकाने भरायचं म्हणाले तरी भरा. सेवा मिळाली नाही तर कार्डावर साधारण १२० दिवस दाद मागता येते, बँकेतून पाठवलेल्या पैशाला ती सोय नाही. पूर्ण रकमेवर मोठी सूट कोणी देत असेल तर अर्धीच भरा.

लॉजने सूट नाकारली आणि पूर्ण ९६० डॉलर घेतले. कार्डावर ८७.९० च्या दराने ८४,३८४ रुपये, साडेतीन टक्के मार्कअप (परदेशी चलनावरचा बँकेचा जादा आकार) २,९५३.४४, त्यावर जीएसटी ५३१.६२. त्यांच्या मेलमधून चोरी झाली, भुर्दंड आमच्यावर, आणि माफीचं एक वाक्यही नाही.

बँकेकडे लेखी तक्रार दिल्यावर ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं. आमचा अर्ज तिथे गेला आहे, ए-टू फॉर्मच्या प्रतीसह, पत्त्यातला देश आणि कोडमधला देश लाल शाईने गोल करून.