वांगाचे डाग, बाळंतपण आणि टिंटचं सनस्क्रीन : नऊ महिने वापरून

गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर वांगाचे डाग उठले. जाऊबाईंनी मायेनं स्वतःची ट्यूब पुढे केली. "मी हेच लावतो, पंधरा दिवसांत गेलं बघ." मागची बारीक अक्षरं वाचली आणि तशीच परत दिली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन! पहिलं त्वचेतून रक्तात बरंच शोषलं जातं, दुसरं गरोदरपणात टाळायचंच असतं आणि तिसरं स्टेरॉइड. पोटुशी बाईनं चिठ्ठीशिवाय असलं काही तोंडाला लावू नये, हे मी आता भेटेल तिला सांगते.

जानेवारीत त्वचेच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी दिल्या: सकाळी झिंक ऑक्साइडचं, टिंट (म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा) असलेलं एसपीएफ ५० सनस्क्रीन, रात्री डाग फिके करणारं १० टक्के ॲझेलेइक ॲसिड. खरं काम सनस्क्रीननं केलं असं माझं मत. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही गडद होतो. टिंटमधलं आयर्न ऑक्साइड तो उजेड अडवतं, साधं पांढरं सनस्क्रीन तेवढं अडवत नाही. चेहऱ्याला आणि मानेला दोन बोटं भरून लागतं, बाहेर असलं तर दर दोन तासांनी पुन्हा. त्यामुळे ५० ग्रॅमची ट्यूब जेमतेम महिनाभर पुरते. खर्च जाणवतो. ओढणीला आणि बाळाच्या टोपड्याला डागही पडतात.

ॲझेलेइकनं पहिले दोन आठवडे चुणचुणलं, मग सवय झाली. बाळंतपणापर्यंत डाग फिके झाले नाहीत, फक्त पसरायचे थांबले. त्यानंतर मात्र उतरू लागले. त्यात संप्रेरकं उतरल्याचाही वाटा असणार. अंगावर पाजतानाही डॉक्टरांनी दोन्ही चालू ठेवायला सांगितलं, फक्त छातीला लावायचं नाही. बाळ गालाला गाल घासतं, म्हणून रात्री पाजून झोपवल्यावरच लावते आणि लगेच हात धुते. पोटावरच्या काळ्या रेघेला काहीच लावलं नाही, ती आपोआप पुसट होतेय.

माझी एक चूक झाली. जुलैत कोल्हापुरात दिवसदिवस झड लागलेली, रंकाळ्यावर ऊन म्हणून दिसेना, तेव्हा पंधरा दिवस सनस्क्रीन सोडलं. गालांवरचे डाग पुन्हा गडद झाले. ढगातूनही उजेड येतोच.

आता बाळ पाच महिन्यांचं आहे. गाल बरेच उजळलेत, ओठावरची पट्टी अजून आहे. कालच नवी ट्यूब आणली.