चार वेळा फसलेलं धोंडस आणि गुहागरातले तीन दिवस

गेली सात वर्षं मी डोंबिवलीत घरून केकच्या ऑर्डरी घेते, आणि तरीही सासूबाईंना धोंडस, म्हणजे जून काकडी, रवा आणि गुळाचा भाजलेला कोकणी गोड पदार्थ, करून घालणं मला जमत नव्हतं. चार वेळा केलं. चारही वेळा त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "केक छान झालाय गो." त्यांच्या बोलण्यातला 'पण' कधी ऐकू येत नाही, समजून घ्यावा लागतो.

दिवाळीच्या सुटीचे शेवटचे तीन दिवस आम्ही चौघं गुहागरला राहिलो: मी, नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि अठ्ठ्याहत्तरीच्या सासूबाई. खालचा पाट या वस्तीतलं घरगुती राहणं-जेवण. घराचं नाव लिहीत नाही, कारण घर चालवणाऱ्या काकूंनीच तसं बजावलंय. तीन खोल्या, चुलीपाशी त्या एकट्या; त्याहून जास्त माणसं त्यांना नकोच आहेत. अशी घरं तिथे बरीच आहेत, तेव्हा काय विचारून घ्यावं एवढं तरी यातून कळेल.

आधी तक्रार. फोनवर मी दोनदा विचारलं होतं, "कमोड आहे ना?" आहे, म्हणाले. होता, पण शेवटच्या खोलीत, आणि ती आधीच दुसऱ्यांना दिलेली. आमच्या खोलीचं न्हाणीघर मागीलदारी, तीन पायऱ्या उतरून. सासूबाईंचे गुडघे बघून काकांनी संध्याकाळी खोल्या बदलून दिल्या, तोवर दुपार मात्र वाईट गेली. गाद्या कडक, मच्छरदाणीला भोक, आणि चहात साखर इतकी की दुसऱ्या दिवसापासून मी माझा चहा वेगळा सांगितला. दोन वेळचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून माणशी १२०० रुपये, मुलाचे निम्मे. या पैशात मला हे महाग वाटलं नाही.

जाताना आम्ही मुद्दाम दापोलीवरून गेलो. दाभोळला गाडी फेरीबोटीत घातली आणि वाशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला उतरलो. चिपळूणवरून येणारा वळसा वाचतो हे खरं कारण, पण मुलाला आपली गाडी बोटीत उभी आहे याचंच अप्रूप. पाऊण तास बोटीची वाट पाहिली, बोट पंधरा मिनिटांत पलीकडे. सासूबाई गाडीतून उतरल्याच नाहीत.

जेवणाची वेळ साडेबारा म्हणजे साडेबारा. समुद्रावरून एकला आलो तर आमटी पुन्हा तापवलेली मिळाली आणि बोलणीही. पण ताट! डाळिंब्यांची उसळ, केळफुलाची भाजी, मऊ भात, सोलकढी. घरी नूडल्सशिवाय ज्याचं पान हलत नाही त्या माझ्या पोराने मेतकूट-तूप-भात दोनदा मागून खाल्ला. रात्री कुळथाची पिठी. लसणाची फोडणी, त्यात पाणी, आमसूल, मीठ-तिखट, मग थंड पाण्यात कालवलेलं कुळथाचं पीठ, आणि एक उकळी. दहा मिनिटांत घरभर वास. येताना काकूंकडून किलोभर पीठ विकत आणलं. हल्ली ऑर्डरीच्या दिवशी आमच्याकडे रात्री तेच असतं.

आता धोंडस. ओटीवर वाशाला केळीच्या सोपाने (सालीच्या पट्टीने) बांधलेली चार तवशी, म्हणजे जून झालेल्या मोठ्या काकड्या, लटकत होती. सासूबाईंनी ती पाहिली आणि पाहतच राहिल्या. काकूंच्या ते लक्षात आलं. "उद्या घालते हो वहिनी," म्हणाल्या. मी म्हटलं, "काकू, मी बघायला आले तर चालेल?"

"बघायला कशाला, किसायला ये."

माझी चूक पहिल्या दहा मिनिटांतच कळली. मी केकसारखं करत होते: रवा, गूळ, कीस, सगळं कच्चंच कालवायचं, वर चिमूटभर सोडा आणि सरळ ओव्हनमध्ये. काकूंनी तवसाच्या बिया काढून कीस केला आणि सुटलेल्या पाण्यासकट पातेल्यात घातला. त्यात गूळ आणि किंचित मीठ. उकळी आल्यावर तुपात तांबूस भाजलेला रवा, ओलं खोबरं, वेलची. झाकण ठेवून वाफ. म्हणजे शिऱ्यासारखं आधी पूर्ण शिजवलं. सोड्याचं नाव काढल्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काजू सोलायला बसले. केकसारखं हे फुगवायचं नसतंच; ते बसलं पाहिजे, सुरीला जड लागलं पाहिजे.

मग जाड बुडाच्या पितळी पातेल्याला तूप, तळाला केळीचं पान, वर हे मिश्रण थापून चुलीवर. खाली निखारे अगदी थोडे. झाकणावर मात्र करवंट्यांचे निखारे रचलेले, आणि ते विझत आले की नवे. माझ्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) मी नेहमी खालच्या रॉडवर भिस्त ठेवायची. इथे भाजणारा विस्तव वरचा होता. तासाभराने झाकण काढलं तेव्हा वरचा थर गडद तपकिरी, कडा सुटलेल्या. त्याच दिवशी कापू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गार धोंडस आणि त्यावर लोण्याचा गोळा. सासूबाई बोलल्या नाहीत. दोन वड्या संपवून त्यांनी पान पुढे केलं, एवढंच.

घरी आल्यावर पाचव्यांदा केलं. शिजवून घेतलं, १६० अंशांवर पन्नास मिनिटं, शेवटची दहा फक्त वरचा रॉड. ॲल्युमिनियमच्या पातळ टिनऐवजी जाड डबा वापरला. रात्रभर झाकून ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "याला धूर नाही. पण धोंडस आहे."

अशा घरी जाणार असाल तर कमोडवाली खोली मागा, आणि ती रिकामी आहे का हे फोनवरच वदवून घ्या. पायऱ्या किती तेही विचारा. साडेबाराच्या आत समुद्रावरून परत या. तवशी पावसाळ्यानंतरची, मे महिन्यात गेलात तर धोंडसाची आशा धरू नका, आंबे असतील. आणि करवंट्या पिशवीत भरून आणायचा विचार मी केला होता, नवऱ्याने डिकी बंद केली.