पोर्टफोलिओ मॅनेजर व्हायला सीएफए पुरतं का? अभ्यासक्रमाचं परीक्षण

गुंतवणूक कंपनीत पोर्टफोलिओ मॅनेजर, म्हणजे ग्राहकांचा पैसा गुंतवून सांभाळणारा, व्हायचं म्हटलं की मुंबई-पुण्यात पहिला सल्ला मिळतो तो सीएफए (चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट) करण्याचा. सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. सीएफए माणसाला उत्तम अॅनालिस्ट (कंपन्यांचा अभ्यास करून मत देणारा) बनवतं, आणि पोर्टफोलिओ मॅनेजरची खुर्ची बहुतेकांना अॅनालिस्टच्या टेबलावरूनच मिळते. त्यापुढचं, विशेषतः भारतातल्या पीएमएसचं (पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सर्व्हिस, म्हणजे एकेका ग्राहकाचं खातं वेगळं सांभाळण्याची सेवा) काम, या अभ्यासक्रमात फारसं नाही. पैसे आणि आयुष्यातली तीन-चार वर्षं घालण्याआधी हे माहीत असायला हवं.

अमेरिकेतली सीएफए इन्स्टिट्यूट ही परीक्षा १९६३ पासून घेते. लेव्हल तीन आहेत. पदवीला २३ महिने किंवा त्याहून कमी उरले असतील तर पहिल्या लेव्हलला बसता येतं, त्यामुळे बीकॉम किंवा इंजिनीअरिंग संपण्याची वाट पाहायची गरज नाही. तिन्ही लेव्हल पास झालं तरी चार्टर, म्हणजे नावापुढे सीएफए लावायचा अधिकार, लगेच मिळत नाही. किमान ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो.

पहिल्या लेव्हलला १८० प्रश्न असतात. सव्वादोन तासांची दोन सत्रं, म्हणजे प्रश्नामागे ९० सेकंद. पर्याय तीन असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. प्रश्न फार अवघड नसतात, पण विषय दहा आहेत आणि पास होणारे अलीकडे निम्म्याहून कमी असतात. प्रत्येक लेव्हलला साधारण ३०० तास अभ्यास धरतात. नोकरी सांभाळून रोज दीड तास आणि शनिवार-रविवार चार-चार तास बसलं तर आठवड्याला साडेपंधरा तास होतात, म्हणजे २० आठवडे. शेवटचे चार आठवडे फक्त सराव परीक्षांसाठी ठेवा आणि त्या हिशोबाने सुरुवात करा. तीन महिन्यांत उरकू म्हणणारे बहुधा फायनान्शियल स्टेटमेंट अॅनालिसिसमध्ये अडकतात.

कॅल्क्युलेटर दोनच मालिकांचे चालतात: टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा बीए टू प्लस आणि एचपी १२सी. बहुतेकांनी पहिला घ्यावा. तो घेतल्यावर आधी दोन सेटिंग बदला. दशांश दोनवरच असतात, ते वाढवा. आणि गणन-पद्धत ‘सीएचएन’वरून ‘एओएस’वर न्या. ‘सीएचएन’मध्ये २ + ३ × ४ चं उत्तर २० येतं, ‘एओएस’मध्ये १४. व्याजदर काढताना ‘एरर ५’ दिसला तर गुंतवलेली आणि परत मिळणारी रक्कम एकाच चिन्हाने टाकलेली असते. एक ऋण हवी. आधीच्या गणितातला ‘बिगिन’ मोड (हप्ता महिन्या-वर्षाच्या सुरुवातीला धरणारा) तसाच राहिला तर उत्तर थोडंसंच चुकतं, आणि नेमकं ते चुकीचं उत्तर पर्यायांत दिलेलं असू शकतं.

दुसरी लेव्हल म्हणजे या अभ्यासक्रमाचा खरा ऐवज. सुटे प्रश्न नसतात. एक-दीड पानाची केस आणि त्यावर चार प्रश्न, अशा २२ केस, ८८ प्रश्न. कंपनीचं मूल्यांकन, पेन्शनचा हिशोब, परकीय चलनातल्या उपकंपन्या, समूहातल्या कंपन्यांमधली गुंतवणूक हे सगळं खोलात शिकवतात. एकच उदाहरण घ्या. सहयोगी कंपनी (जिच्यात मोठा वाटा आहे, पण ताबा नाही) इक्विटी पद्धतीने दाखवली की तिची विक्री आणि कर्ज मूळ कंपनीच्या हिशोबात दिसत नाही, नफ्यातला वाटा मात्र एका ओळीत येतो. त्यामुळे नफ्याचं प्रमाण आहे त्याहून चांगलं आणि कर्ज आहे त्याहून कमी वाटतं. भारतातल्या मोठ्या उद्योगसमूहांचे निकाल वाचताना ही नजर रोज लागते. इथे बाजारातल्या सारांश-नोट्सवर विसंबू नका. फीमध्येच मिळणारा मूळ अभ्यासक्रम आणि प्रकरणांखालचे प्रश्न हीच सर्वांत चांगली सामग्री आहे. सारांशात नेमके अपवाद गळतात आणि केस त्या अपवादांवरच रचलेली असते.

तिसऱ्या लेव्हलला निम्मी उत्तरं स्वतः टाइप करायची असतात. २०२५ पासून पोर्टफोलिओ मॅनेजमेंट, प्रायव्हेट वेल्थ आणि प्रायव्हेट मार्केट्स यांतला एक मार्ग निवडावा लागतो. ज्याला खुर्ची हवी आहे त्याने पहिला निवडावा. हुशार मुलंही इथे आपटतात, आणि कारण बहुधा एकच असतं: उत्तर लांबवणं. दोन कारणं विचारली आणि चार लिहिली, तर पहिली दोनच तपासली जातात. आकडा, एका ओळीत कारण, पुढचा प्रश्न. हाच सराव हवा.

नीतिनियमांच्या भागाला कंटाळवाणा म्हणतात, ते पटत नाही. कारखान्याच्या भेटीत अधिकाऱ्याने बोलता बोलता चालू तिमाहीचं मार्जिन सांगितलं, तर काय करायचं? अशाच प्रसंगांवर प्रश्न येतात. भारतात तीच माहिती सेबीच्या २०१५ च्या इनसायडर ट्रेडिंग नियमांखाली ‘यूपीएसआय’ (जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती) ठरू शकते आणि तिच्यावर व्यवहार केला तर करिअर संपतं. कायदा आणि सीएफएची आचारसंहिता यांत जे कडक असेल ते पाळायचं, ही सवय पहिल्या लेव्हलपासून लागते. या एका भागासाठीसुद्धा हा अभ्यासक्रम करण्यासारखा आहे.

आता उणिवा. हिशोब आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय लेखा मानकं) आणि अमेरिकी पद्धतीचे आहेत. इंड एएस ही भारतीय लेखा मानकं आयएफआरएसला जवळची असल्याने फार बिघडत नाही, पण प्रवर्तकांचे तारण ठेवलेले शेअर आणि संबंधित पक्षांशी होणारे व्यवहार भारतीय वार्षिक अहवालांतून वाचायला स्वतःच शिकावं लागतं. करांचंही तसंच. पीएमएसमध्ये शेअर ग्राहकाच्याच डीमॅट खात्यात असतात, त्यामुळे मॅनेजरने केलेल्या प्रत्येक विक्रीचा कर ग्राहकाला बसतो: वर्षाच्या आत २० टक्के, त्यानंतर सव्वा लाखावरच्या नफ्याला साडेबारा टक्के. म्युच्युअल फंडात फंडाच्या आतल्या उलाढालीवर गुंतवणूकदाराला कर लागत नाही. म्हणून पीएमएसमध्ये वारंवार खरेदी-विक्री करणारी शैली कागदावर चांगली दिसते आणि कर भरल्यावर फिकी पडते.

दुसरी अडचण रोजच्या कामातली. पन्नास लाखांचा नवा ग्राहक आज आला, जुना दोन वर्षांपूर्वी आला. मॉडेल पोर्टफोलिओ (सगळ्या खात्यांसाठी ठरवलेली शेअरची यादी) एकच. नव्याला आजच्या भावात सगळं घेऊन द्यायचं का? छोट्या कंपनीच्या शेअरमध्ये रोजची उलाढालच कमी असेल तर शेकडो खात्यांची खरेदी किती दिवसांत करायची? यात खात्याखात्यांचा परतावा वेगळा पडतो आणि फोन मॅनेजरलाच येतात. सेबीला दाखवायचा परतावा टीडब्ल्यूआरआर पद्धतीचा असतो, म्हणजे ग्राहकाने पैसे कधी टाकले-काढले याचा परिणाम वगळून काढलेला. ग्राहक मात्र आपला एक्सआयआरआर पाहतो, ज्यात तो परिणाम धरलेला असतो. पडझडीच्या आधी मोठी रक्कम टाकलेल्या माणसाला हे दोन आकडे का जुळत नाहीत ते समजावणं हा कामाचा भागच आहे. या दोन पद्धतींमधला फरक मात्र सीएफए छान शिकवतं.

आणि सीएफए असलं तरी भारतात एनआयएसएम (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स) या संस्थेची एकवीस-बी ही पोर्टफोलिओ मॅनेजर्सची परीक्षा सुटत नाही. सेबीच्या २०२० च्या नियमांनुसार पीएमएसच्या प्रिन्सिपल ऑफिसरला (गुंतवणुकीच्या निर्णयांची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला) वित्त, कायदा, लेखा किंवा व्यवस्थापनातली पात्रता किंवा सीएफए चार्टर, रोखे बाजारातला पाच वर्षांचा अनुभव (त्यातली दोन वर्षं पोर्टफोलिओ किंवा फंड व्यवस्थापनात, किंवा गुंतवणूक सल्ल्यात) आणि हे प्रमाणपत्र, असं सगळं लागतं. पेपर १५० गुणांचा, वेळ तीन तास, पास व्हायला ६० टक्के, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण वजा. चार पर्यायांत डोळे मिटून टाकलेल्या उत्तराचाही सरासरी हिशोब किंचित फायद्याचाच राहतो, आणि एक पर्याय बाद करता आला तर नक्कीच लिहा. एनआयएसएमची कार्यपुस्तिका त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. सीएफए झालेल्यांनी फक्त नियमांची प्रकरणं नीट करावीत: एक्झिट लोड (पैसे काढताना लागणारं शुल्क) पहिल्या वर्षी जास्तीत जास्त ३ टक्के, मग २, मग १, ब्रोकरेज सोडून चालू खर्च वर्षाला ०.५ टक्क्यापर्यंत, प्रवेशशुल्क नाही, नफ्यातला वाटा हाय वॉटर मार्कनेच, म्हणजे खात्याने आधी गाठलेल्या सर्वोच्च मूल्याच्या वरच्या नफ्यावरच. पैसे मोजून क्लास लावायची गरज दिसत नाही.

एकूण सीएफएला पाचपैकी चार गुण. मात्र क्रम असा ठेवा: पदवीच्या शेवटच्या वर्षात पहिली लेव्हल, मग ब्रोकिंग हाउस किंवा फंड हाउसच्या रिसर्चमध्ये नोकरी, आणि पुढच्या दोन लेव्हल काम करता करता. नोकरी नसताना तिन्ही लेव्हल संपवलेल्याला मुलाखतीत विचारतात, ‘तुम्ही केलेलं एखाद्या कंपनीचं मॉडेल दाखवा.’ तिथे प्रमाणपत्र उपयोगी पडत नाही. दुसऱ्या लेव्हलनंतर एका क्षेत्रातल्या पाच-सहा कंपन्यांची एक्सेल मॉडेल स्वतः बांधा आणि दर तिमाहीला आपला अंदाज प्रत्यक्ष निकालाशी ताडून पाहा.

नावापुढे ‘सीएफए लेव्हल २’ लावू नका. नियमात ते बसत नाही. अर्जात ‘दुसरी लेव्हल उत्तीर्ण’ असं लिहिता येतं. चार्टर मिळाल्यावरही ही अक्षरं वापरायला दरवर्षी सभासद वर्गणी भरावी लागते. परीक्षेची फी लवकर भरली तर काही शे डॉलर वाचतात. फी भरल्यावर केंद्र आणि तारीख वेगळी आरक्षित करावी लागते, आणि तिचीही मुदत असते. ती त्याच दिवशी करून टाका. जवळचं केंद्र भरलं तर परीक्षेसाठी दुसरं शहर गाठावं लागतं.