पहिली हॅकेथॉन: सलग चोवीस तास की दोन दिवस?

वडोदऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कलाभवनासारख्या आवारात विद्यार्थ्यांनी प्रथमच हॅकेथॉन, म्हणजे ठरलेल्या वेळेत संघांनी सॉफ्टवेअर वगैरे तयार करून दाखवण्याची स्पर्धा, घ्यायची ठरवली, तर शनिवार-रविवार सलग चोवीस तासांची स्पर्धा ठेवावी, की सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी दोन दिवसांची, हे आधी ठरवावे लागते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनच्या सॉफ्टवेअर विभागातील ३६ तासांच्या सलग अंतिम फेरीमुळे जागरण हाच या स्पर्धेचा प्राण, असा समज रूढ झाला आहे. तिच्यामागे केंद्र सरकारची यंत्रणा उभी असते, हे मात्र सहसा कोणी लक्षात घेत नाही.

सलग स्पर्धेत काम तुटत नाही, आणि रात्री दोन वाजता सापडलेली चूक तेव्हाच दुरुस्त होते. पण त्यासाठी रात्रभर इमारत उघडी ठेवण्याची लेखी परवानगी, सुरक्षारक्षक, थांबायला तयार असलेले प्राध्यापक आणि मुलींच्या वसतिगृहाच्या वेळेतून सूट, एवढे सगळे जुळावे लागते. दांडिया बाजार, रावपुरा भागांतून येणाऱ्या आपल्या मराठी घरांतल्या मुलींना रात्रीची परवानगी मिळेलच असे नाही, आणि ती न मिळाल्यास त्या नाव नोंदवण्याआधीच गळतात. माझ्या मते हा एकच मुद्दा पहिल्या वर्षी दोन दिवसांच्या पर्यायाकडे झुकण्यास पुरेसा आहे.

खर्चातही फरक पडतो. शंभर स्पर्धकांसाठी दोन दिवसांत दोनदा जेवण आणि चहा-नाश्ता पुरतो. सलग स्पर्धेत रात्रीचे जेवण, मध्यरात्रीचा अल्पोपाहार आणि सकाळचा नाश्ता यांची भर पडते. (सेव-उसळ लोकप्रिय असली तरी कीबोर्डाजवळ तिला मज्जाव असावा.) विजेची गरज दोन्हीकडे सारखीच: ६५ वॅटचे शंभर चार्जर एकदम चालले, तर भार साडेसहा किलोवॅटपर्यंत जातो, आणि सहा अँपिअरचे एक सॉकेट जेमतेम १,३८० वॅट पेलते. त्यामुळे एकाच सॉकेटवर एक्स्टेंशन बोर्डांची माळ न लावता भार वेगवेगळ्या सर्किटांवर विभागून घ्यावा. फरक एवढाच, की दिवसा फ्यूज उडाला तर विद्यापीठाचा वायरमन सापडण्याची शक्यता जास्त असते.

दोन दिवसांच्या पद्धतीचा खरा दोष मधल्या रात्रीत आहे, कारण घरी गेलेला संघ काम करणारच, आणि घरी चांगले इंटरनेट असलेल्यांना आयता लाभ मिळतो. गिट या कोड सांभाळणाऱ्या प्रणालीत प्रत्येक बदलाची वेळेसह नोंद (कमिट) होते, पण ती वेळ बदलता येते, म्हणून रात्री काम झाले की नाही याचा निवाडा नुसत्या नोंदी पाहून करू नये. एक तर संध्याकाळी सहाला प्रत्येक संघाचा कोड आयोजकांच्या रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) घेऊन दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे काम सुरू करायला लावावे, किंवा रात्रीच्या कामाला उघड मुभा द्यावी. मी दुसरा मार्ग पसंत करीन, कारण जो नियम तपासता येत नाही त्याचा त्रास फक्त प्रामाणिक संघांना होतो.

परीक्षणाच्या बाबतीत दोन दिवसांची बाजू पुन्हा वरचढ ठरते. पंचवीस संघांना प्रत्येकी पाच मिनिटे दिली, तरी दोन तासांहून अधिक वेळ लागतो, आणि रात्रभर जागलेल्या मुलांना त्यानंतर स्वतःचे काम नीट मांडून दाखवणे जड जाते.

स्पर्धक बहुतांशी वसतिगृहातले असतील आणि रात्रीची परवानगी आधीच हातात असेल, तर सलग स्पर्धा अवश्य घ्यावी. नवरात्रीच्या नऊ रात्री मात्र दोन्ही पर्यायांसाठी वगळाव्यात: गरब्यामुळे सलग स्पर्धेला स्पर्धक मिळणार नाहीत, आणि दिवसाच्या स्पर्धेला मिळाले तरी ते पेंगतील.