व्हॅनमधला स्वयंपाक: छोटा सिलिंडर की इंडक्शन?
मावसभाऊ व्हॅन घेऊन दोन महिने कोकणात फिरणार आहे. रोज घरचंच खायचं ठरलंय, पण शेगडीवर अडलाय.

५ किलोचा सिलिंडर कमी खर्चात सुरू होतो. भाकरी थेट आचेवर टम्म फुगते, ते सुख इंडक्शनवर नाही. मात्र खिडकी उघडी हवीच. बंद गाडीत गॅस पेटवणं म्हणजे जिवाशी खेळ.

इंडक्शन पुसायला सोपं, ज्योतही नाही. पण १५०० वॅटवर अर्धा तास चाललं की ७५० वॅट-तास संपले. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या बॅटरीत जेमतेम १२०० असतात. इन्व्हर्टरही दणकट लागतो. भिजवलेले मूग कुकरला लावले तर वीज बरीच वाचते.

रोज मुक्काम हलवणार असाल तर गॅसच घ्या. रात्री कुणाच्या अंगणात प्लग मिळणार असेल, तर इंडक्शन.