वर्णनात्मक खगोलशास्त्र की गणिती खगोलभौतिकी? पहिला कोर्स निवडताना

विद्यापीठात ताऱ्यांचा अभ्यास सुरू करायचा म्हटलं की साधारण दोन प्रकारचे प्राथमिक कोर्स समोर येतात. एक सर्व शाखांसाठी खुला असतो. त्याला शाळेतलं बीजगणित पुरतं आणि एका सेमिस्टरमध्ये तो ग्रहांपासून विश्वाच्या प्रसरणापर्यंत सगळीकडे फिरवून आणतो. दुसरा विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी असतो आणि तुमचं कॅल्क्युलस व मेकॅनिक्स झालेलं आहे असं धरूनच सुरू होतो. नावं बरेचदा इतकी सारखी असतात की नुसत्या शीर्षकावरून काही कळत नाही. 'एक सोपा, एक अवघड' अशी त्यांची वाटणी सर्रास केली जाते. मला ती पटत नाही. या दोन कोर्सांत विचारले जाणारे प्रश्नच वेगळ्या जातीचे असतात.

ताऱ्यांच्या वर्णपटांचंच बघा, म्हणजे त्यांचा प्रकाश रंगांनुसार वेगळा केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यांचं. वर्णनात्मक कोर्समध्ये तुम्ही ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हे वर्ग शिकता. ओ सर्वांत तप्त, एम सर्वांत थंड. सूर्य जी वर्गातला, पृष्ठभागाचं तापमान सुमारे ५,८०० केल्विन. दृश्य प्रकाशातल्या हायड्रोजनच्या रेषा (त्यानं प्रकाश शोषल्यामुळे पट्ट्यात उमटणाऱ्या काळ्या रेघा) ए वर्गाच्या ताऱ्यांत सर्वांत ठळक दिसतात, हेही कळतं. परीक्षेत वर्णपट समोर ठेवून वर्ग ओळखायला सांगतात. हे कौशल्य खरंखुरं आहे, त्याला कमी लेखू नये.

गणिती कोर्स याच्या पुढचा प्रश्न विचारतो: ए वर्गातच का? या रेषा उमटायच्या तर हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन दुसऱ्या ऊर्जापातळीवर असावा लागतो. थंड ताऱ्यात जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉन तळाच्या पातळीवर असतात, म्हणून रेषा क्षीण. तापमान वाढलं की दुसऱ्या पातळीवरचे वाढतात. पण तापमान आणखी चढलं की इलेक्ट्रॉन अणूला सोडूनच जातात आणि रेषा पुन्हा मावळतात. पहिल्या परिणामाचं गणित बोल्ट्झमनच्या सूत्रानं होतं, दुसऱ्याचं मेघनाद साहांनी १९२० साली मांडलेल्या समीकरणानं. दोन्ही एकत्र करून आलेख काढला की त्याचं शिखर १०,००० केल्विनच्या आसपास येतं, म्हणजे ए वर्गाच्या ताऱ्यांच्या तापमानाला. हा आलेख तुम्ही स्वतः काढायचा असतो.

सिसिलिया पेन यांनी १९२५ साली साहांच्याच समीकरणाच्या आधारे दाखवलं की वर्णपट इतके निराळे दिसले तरी ताऱ्यांची घडण बरीचशी सारखी आहे, आणि त्यांत हायड्रोजन इतर मूलद्रव्यांच्या मानानं अफाट आहे. तेव्हाच्या समजुतीला हे इतकं सोडून होतं की हायड्रोजनचं हे प्रमाण बहुधा खरं नसावं, असं त्यांनी आपल्याच प्रबंधात लिहिलं. काही वर्षांतच ते खरं ठरलं. वर्णनात्मक कोर्समध्ये ही हकीकत तुम्ही ऐकता. गणिती कोर्समध्ये ती ऐकेपर्यंत तुम्ही ते गणित केलेलं असतं, त्यामुळे त्या निष्कर्षाची जबरदस्त ताकद कळते. पूर्ण अभ्यासक्रमातला माझ्या मते सर्वांत सुंदर भाग हाच.

गणिती कोर्सची आणखी एक देणगी म्हणजे ढोबळ अंदाज बांधण्याची सवय. सूर्य केवळ आकुंचन पावत प्रकाश देत असता तर किती काळ टिकला असता? वस्तुमान, त्रिज्या आणि दर सेकंदाला बाहेर पडणारी ऊर्जा एवढं घेतलं की अर्ध्या पानात उत्तर येतं: सुमारे ३ कोटी वर्षं. सूर्यमालेचं वय मात्र सुमारे ४६० कोटी वर्षं आहे. म्हणजे ऊर्जेचा उगम दुसरा कुठला तरी हवा, आणि तिथून अणुसंमीलनाचा विषय आपसूक निघतो.

मात्र या खोलीची किंमत मोजावी लागते. गणिती कोर्सचा मोठा भाग ताऱ्यांवरच खर्च होतो: गुरुत्वाकर्षण आणि दाब यांचा समतोल, ऊर्जेचं वहन, श्वेतबटू (इंधन संपलेल्या ताऱ्यांचे दाट गाभे) आणि त्यांच्या वस्तुमानाची कमाल, म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पटीची चंद्रशेखर मर्यादा. दीर्घिका आणि विश्वरचना शेवटच्या आठवड्यांत घाईघाईनं उरकल्या जातात. बाह्यग्रह, कृष्णद्रव्य (न दिसणारं, गुरुत्वाकर्षणावरूनच जाणवणारं द्रव्य), विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेलं २.७ केल्विनचं पार्श्वप्रारण यांना निवांत वेळ मिळतो तो वर्णनात्मक कोर्समध्ये. अंतरं कशी मोजली याची गोष्टही तिथे सलग ऐकायला मिळते. बेसेल यांनी १८३८ मध्ये '६१ सिग्नी' या ताऱ्याचा पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना ताऱ्याचं जागा बदलल्यासारखं दिसणं, ज्यावरून अंतर काढता येतं) जाहीर केला, लेव्हिट यांनी १९१२ मध्ये सेफीड ताऱ्यांचा (ज्यांचं तेज ठरावीक काळानं कमीजास्त होतं) आवर्तकाळ आणि तेज यांचं नातं मांडलं, आणि त्याच ताऱ्यांच्या आधारे हबल पुढे दीर्घिकांपर्यंत पोहोचले. साहित्य, इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकणाऱ्यानं हाच कोर्स घ्यावा आणि त्यात कसलाही कमीपणा मानू नये.

एक सल्ला मात्र वारंवार दिला जातो आणि तो मला चुकीचा वाटतो: 'आधी वर्णनात्मक घे, म्हणजे गणिती जड जाणार नाही.' शब्द ओळखीचे होतात, एवढाच त्याचा उपयोग. गणिती कोर्समध्ये अडायला होतं ते विकलक समीकरणापाशी (डिफरन्शियल इक्वेशन), ऊष्मागतिकीपाशी, गंजलेल्या लॉगॅरिदमपाशी. भौतिकशास्त्राकडे जायचं नक्की असेल तर ते सेमिस्टर कॅल्क्युलस आणि मेकॅनिक्सला द्या आणि थेट गणिती कोर्स घ्या, एक वर्ष उशिरा का होईना. रसायनशास्त्र किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनीही त्याला बिचकू नये. ऊर्जापातळ्या आणि आयनीभवन रसायनवाल्यांच्या तर हाताखालचे असतात.

नाव नोंदवण्याआधी मागच्या वर्षीचा गृहपाठ मिळवा आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातला एखादा प्रश्न सोडवायला घ्या. उत्तर आलंच पाहिजे असं नाही, पण प्रश्नात काय मागितलं आहे ते तरी कळलं पाहिजे. 'कॅल्क्युलस सोबत घेतलं तरी चालेल' अशी सवलत दिली असेल तर जपून राहा, कारण ताऱ्यातल्या दाबाचं समीकरण सुरुवातीच्या आठवड्यांतच येऊ शकतं. प्रोग्रॅमिंग लागतं का आणि प्रत्यक्ष निरीक्षणाचे तास आहेत का, हेही विचारून घ्या. या दोन बाबतींत एकाच नावाचे कोर्स फार वेगळे निघतात.