दाराला कडी आहे का? : संभाजीनगरातील एका दाम्पत्य समुपदेशन केंद्राचा अनुभव

लग्नाला दीड वर्ष उलटले, 'पाळणा कधी हलायचा' हा आत्याबाईंचा प्रश्न टाळणे अशक्य झाले, तेव्हा आम्ही दोघे जालन्याहून छत्रपती संभाजीनगरातील एका दाम्पत्य समुपदेशन केंद्रात गेलो. अडचण मुलाची नव्हतीच. जवळ येताच माझे अंग आक्रसून जाई आणि इतक्या वेदना होत, की आमच्यात शरीरसंबंध एकदाही झाला नव्हता. त्याआधी यांनी बसस्थानकाजवळची 'शर्तिया इलाज'ची जाहिरात वाचून साडेचार हजारांच्या पुड्या आणल्या होत्या, जणू प्रश्न ताकदीचा होता.

डॉक्टरबाईंनी आम्हाला आधी वेगवेगळे बसवून ऐकून घेतले, आणि माझ्या मते या केंद्राचे खरे मोल इथे आहे. आपण बायकोला आवडत नाही, असे हे मानून बसले होते. माझ्या शरीरातच व्यंग आहे, अशी माझी समजूत होती. आणि दीड वर्षात दोघांपैकी कोणीही ते दुसऱ्याला सांगितले नव्हते. आमची संमती घेऊन त्यांनी या दोन्ही गोष्टी समोरासमोर मांडल्या, तेव्हा हे बराच वेळ पायातल्या चपलेकडे पाहत राहिले.

मग चिठ्ठीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे टांगलेले स्नायू काढून दाखवले. मला मूठ आवळून सोडायला लावली आणि म्हणाल्या, ''हेच तिथे तुमच्या इच्छेविना होते.'' या त्रासाला व्हजायनिस्मस म्हणतात, तो नखरा नव्हे की थंडपणाही नव्हे, आणि उपचारांनी तो बरा होऊ शकतो, हे मला त्या दिवशी प्रथमच कळले. तपासणीही 'थांबा' म्हणताच थांबेन, असे आधी सांगूनच केली.

उपचाराची सुरुवात मनाईने झाली : सहा आठवडे संबंधाचा प्रयत्नच करायचा नाही. अमेरिकेतील मास्टर्स आणि जॉन्सन यांनी 1970 साली मांडलेल्या पद्धतीत जोडप्याने आधी फक्त हात, पाठ, केस अशा स्पर्शांपुरते राहायचे असते आणि काय बरे वाटते ते बोलून दाखवायचे असते. परीक्षाच रद्द झाल्यामुळे भीती उतरली. त्यानंतर स्नायू सैल सोडण्याचा सराव, आणि पुढे लहानापासून मोठ्या आकाराचे डायलेटर, म्हणजे योनीत हळूहळू घालायच्या गुळगुळीत नळ्या, तेही माझ्याच हाताने व माझ्याच गतीने. आमच्या दोन खोल्यांच्या घरात कोण कुठे झोपते, दाराला आतून कडी आहे का, हेही बाईंनी विचारले होते. ती कडी यांनी त्याच आठवड्यात बसवली.

उणिवाही सांगायला हव्यात. प्रतीक्षागृहाची प्लायवूडची भिंत इतकी पातळ आहे, की आतले बोलणे बाहेरच्या बाकावर ऐकू येते. घरी वाचायला दिलेले पत्रक निव्वळ इंग्रजीत होते. 1927 साली र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकातून कामजीवनाविषयी स्वच्छ मराठीत लिहू लागले होते, हे आठवून मला त्याचा विशेष राग आला. भेटीची आठवण करून देणारा संदेश उपचाराच्या नावासह घरच्या सामाईक फोनवर आला, तेव्हा तो आधी नणंदेने वाचला.

पहिल्या भेटीचे आठशे आणि पुढच्या प्रत्येक भेटीचे पाचशे रुपये पडले. आठ भेटींत मी वेदनेविना जवळ येऊ शकले. शनिवारी फार गर्दी असते, त्यामुळे बुधवारची वेळ घ्यावी, आणि नोंदणीच्या कागदावर फोन क्रमांक मात्र स्वतःचाच लिहावा.